पट्टीखालची काच

ती आंबिवलीहून यायची आणि तरी माझ्या आधी पोचायची, इथूनच माझ्या पोटात दुखायला लागलं. वागळे इस्टेटमधल्या आमच्या लॅबमध्ये मी सगळ्यात जुनी. परजीवी पेशीत किती शिरले हे मोजायचं काम वर्षानुवर्षं माझं. नवी मुलगी आली तेव्हा मी मनात म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. ते नऊ दिवस काही संपेनात. जेवायला बसलं की तिची सुक्या जवळ्याची चटणी आधी संपायची. माझी फ्लॉवरची भाजी तशीच डोंबिवलीला परत जायची.

आमच्या कामातली मेख एकच: परजीवी पेशीला बाहेरून चिकटलाय की आत शिरलाय? काचेवर वाढवलेल्या पेशींवर परजीवी सोडायचे, थोडा वेळ द्यायचा, मग धुवायचं. आधी लाल रंग. तो फक्त बाहेर राहिलेल्यांना लागतो. मग पेशीचं आवरण सैल करून हिरवा. तो सगळ्यांना लागतो. नुसता हिरवा दिसला तो आत गेलेला. पण सगळा खेळ धुण्याचा. हात जड पडला की पेशीच वाहून जातात, हलका पडला की दारात रेंगाळणारे तसेच राहतात. माझ्या हाताचं लॅबमध्ये नाव होतं.

परजीवींना आत शिरू न देणारं एक नवं औषध तपासायचं होतं. ते काम मला हवं होतं, तिला मिळू नये हे त्याहून जास्त. मॅडमनी दोघींना काचा बनवायला सांगितल्या. मग नेहमीच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक काचेवरच्या नावावर कागदी पट्टी चिकटवली, कारण आपली काच ओळखली की डोळा लबाडी करतो. दोघींनी वेगवेगळं बघून सगळ्यात चांगली काच सांगायची होती.

मी अंधाऱ्या खोलीत बसले. एक काच लावली आणि जीव हरखला. एक पेशी सुटलेली नाही, कुठे डाग नाही, लाल-हिरवं कसं स्वच्छ! हा हात माझाच.

"मॅडम, ही," मी बाहेर येऊन म्हटलं. "धुणं बघा. असा हात बसायला वर्षं जातात."

मॅडमनी पट्टी सोलली. खाली तिचं नाव होतं.

"तिने कुठली निवडली?" मी कसंबसं विचारलं.

"हीच. म्हणाली, ही ताईंचीच असणार."

काम तिला मिळालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुपारी तिने डबा माझ्याकडे सरकवला.

"ताई, मला खरंच वाटलेलं, तुमचीच आहे."

लबाडीने म्हणाली असती तर दोन शब्द सुनावून मी मोकळी झाले असते. पण ती मनापासून म्हणत होती. मी चटणी घेतली. तीही चांगलीच होती, मेलीची.