मंडईला आत्याचं बोलावणं राहून गेलं

काल आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा होती. संध्याकाळी मी इथंच फोटो टाकला होता, "आख्खं खानदान एकत्र!" पहिला लाईक आमगावच्या आत्याचा आला.

आज सकाळी तिचा फोन. "फोटो पाह्यला बापू. सारे मस्त दिसून राहिले."

तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. फोटोत आत्या नव्हती. तिला कोणी बोलावलंच नव्हतं!

दिवाळीनंतरच्या मंडईला आमच्याकडे लेकीबाळी माहेरी येतात, पण भावाच्या घरून फोन आल्याशिवाय येत नाहीत. तो फोन दरवर्षी बाबा करायचे. बाबांच्या वर्षश्राद्धानंतरची ही पहिलीच मंडई. मला वाटलं दादा करेल, दादाला वाटलं मी केला असेल.

तशीच गाडी काढली आणि आमगाव गाठलं. दाराजवळ तिची पिशवी भरलेली होती. वर आमच्या पोरांसाठी चकल्यांचा डबा.

"आत्या, तूच फोन काऊन नाही केला?" वर तोंड करून मीच विचारलं.

"मी कायले करू? माहेरचं बोलावणं मागून घेते का कोणी?" मग हळूच म्हणाली, "मोबाईल चार्जिंगले लावून बसली होती. तुझ्या बाबाचा फोन आता येनार नाही, हे मालेच समजाले पायजे होतं."

मला तिच्याकडे पाहवेना. तो फोटो आता काढून टाकलाय.

तुमच्या घरी लेकीबाळींना फोन कोण करतं? आणि उद्या ते माणूस नसलं तर कोण करणार, हे ठरलंय का?