अनुवादाचा वर्ग आणि बर्फातली बाई

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. हिवाळ्यात दाराशी बूट साठतात, तसे ते साठत जातात आणि एक दिवस त्यांच्यातून वाट काढावी लागते. डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला आमच्याकडे शनिवारी पाच-सहा मराठी घरं जेवायला जमतात. पुरुषमंडळी मोटार कंपन्यांमधले किस्से सांगतात, कुणाच्या गिअरबॉक्सचे, कुणाच्या बॉसचे. ते संपले की कुणीतरी म्हणतं, "वसुधा, आता तुझा वर्ग काढ." माझ्याकडे एकच वर्ग आहे. सत्त्याऐंशी सालचा, मंगळवार-गुरुवार सकाळी दहाचा, 'अनुवादित युरोपियन साहित्य'. विद्यार्थी नऊच होते, पण तेवढ्यावर माझं आजवर निभावलं आहे.

*

मुळात मी त्या वर्गात का जाऊन बसले, ते आधी सांगते. मला लायब्ररी सायन्समध्ये मास्टर्स करायचं होतं. ॲडमिशन ऑफिसातल्या बाईंनी माझी नागपूरची बीएची सर्टिफिकेटं उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, हे तर तीनच वर्षांचं झालं, चौथं वर्ष कुठं गेलं? इथं बीए चार वर्षांचं. मी म्हटलं, आमच्याकडे तीनच असतात. त्यांना माझी दया आली असावी. त्यांनी शांतपणे सांगितलं की राहिलेल्या वर्षाच्या बदल्यात इथं हा एक कोर्स करा, आणि त्याला 'बी' किंवा वरची ग्रेड मिळाली, तरच पुढं ॲडमिशन.

लग्न होऊन इथं आल्यापासून पाच वर्षं मी खिडकीतून पार्किंग लॉट बघत काढली होती. ही ॲडमिशन मला फार म्हणजे फार हवी होती. घरी येऊन मी नवऱ्याला, प्रकाशला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चौथं वर्ष माझ्याशी लग्न करण्यात गेलं, असं सांगायचंस की!"

*

पहिल्या दिवशी प्रोफेसर वर्गात आले आणि मी उभी राहिले. सवयच ती. बाकीचे आठ जण आपापल्या जागी पाय पसरून बसलेले. एकानं तर कागदी ग्लासातली कॉफीसुद्धा खाली ठेवली नाही.

आमचे प्रोफेसर कोव्हाच हंगेरीचे. तिशी गाठायच्या आत देश सोडून आले, ते तीस वर्षांत परत गेले नव्हते. तिथल्या राजवटीमुळे जाऊ शकत नव्हते. उंच, किंचित वाकलेले, आणि सहा भाषा येणारे. मला उभी पाहून ते दारातच थबकले आणि कमरेत वाकून त्यांनी मला अभिवादन केलं. आता समोर बाई उभी असताना खाली बसायचं नाही, हा त्यांच्याकडचा रिवाज. सर उभे असताना बसायचं नाही, हा आपला. आम्ही दोघंही उभेच. शेवटी शर्मिलानं मागून माझा पदर ओढला, तेव्हा त्या दिवशीचा वर्ग सुरू झाला.

*

शर्मिला म्हणजे आमच्याच गल्लीतल्या जोशांची मुलगी. वय वर्षं एकोणीस, जन्म डेट्रॉइटचा. मला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून तीच मला तिच्या खटारा गाडीतून युनिव्हर्सिटीत न्यायची. सगळं बोलणं इंग्रजीत, पण हाक मात्र मराठी. "मावशी, did you do the reading?" असं ती भर वर्गात विचारायची.

कोव्हाच सरांना 'वसुधा देशपांडे' काही केल्या जमेना. शर्मिलाची हाक ऐकून त्यांचा चेहरा उजळला. मी खुलासा करेपर्यंत त्यांनी हजेरीपटात 'मिसेस मावशी' लिहून टाकलंही होतं. वर्गात डॉरथी नावाच्या निवृत्त नर्स होत्या, त्रेसष्ट वर्षांच्या. त्या म्हणाल्या, किती गोड नाव आहे! महिन्याभरात सगळा वर्ग मला मावशी म्हणायला लागला. त्रेसष्ट वर्षांची भाची असलेली तालुक्यात मी एकटीच असेन, असं प्रकाश अजून म्हणतो.

*

आता सुपाचा किस्सा. वाचायला एक छोटी कादंबरी होती. आम्ही पुस्तकं घेतली जुन्या पुस्तकांच्या दुकानातून, हाताला लागतील तशी. त्यामुळे नऊ जणांत तीन वेगवेगळे अनुवाद झाले. हे आमच्या लक्षात आलं ते नायक खाणावळीत जेवायला बसला तेव्हा.

शर्मिला म्हणाली, तो कोबीचं सूप पितो, यावरून तो गरीब आहे हे कळतं. डॉरथींच्या पुस्तकात मटणाचा रस्सा होता, आणि त्यावरून त्या नायकाला उधळ्या ठरवायला निघाल्या होत्या. माझ्या पुस्तकात नुसतंच 'भाकरीचा तुकडा मोडला' असं होतं, म्हणून मी त्याला विरक्त करून बसले होते. पाऊण तास वाद झाला. शर्मिला आणि डॉरथींचे आवाज चढले. सर मात्र टेबलावर हात ठेवून शांतपणे ऐकत होते. शेवटी डॉरथींनी विचारलं, मूळ पुस्तकात काय आहे ते तरी सांगा.

"मुळात तो जेवतच नाही," सर म्हणाले. "तिन्ही अनुवादकांना भूक लागली असावी."

*

मग आली पहिली परीक्षा, आणि माझं हसणं बंद झालं. मी आपल्या पद्धतीनं तयारी केली होती. लायब्ररीतून टीकाकारांची पुस्तकं आणून मुख्य मुद्दे पाठ केले. पेपरात उतारा दिसला की आधी संदर्भ, मग स्पष्टीकरण, मग कोण काय म्हणतो ते, नावानिशी. दोनदा उठून मी पुरवण्या मागितल्या. वर्गावर देखरेख करणाऱ्या मुलाला पुरवणी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. मी बॅगेतून सुतळीचा तुकडा काढून कागद बांधले तेव्हा तो उठून बघायला आला.

पेपर परत मिळाला तो 'सी' घेऊन. सरांनी खाली लिहिलं होतं, "तुम्ही मला अकरा प्राध्यापकांची मतं सांगितलीत. त्यांतल्या चौघांशी मी बोलत नाही. तुमचं मत काय?"

मला आयुष्यात कुणी हे विचारलं नव्हतं. शर्मिलाच्या गाडीत मी रडले. 'सी' म्हणजे सगळं संपल्यात जमा होतं. आता शेवटच्या निबंधावरच काय ते अवलंबून होतं, आणि तो लिहायचा होता सरांच्या देशातल्या एका आठशे पानी कादंबरीवर.

*

इंग्रजी प्रत घेऊन मी बसले, पण शंभर पानांपुढं गाडी जाईना. मग बाबांना नागपूरला पत्र टाकलं. ते निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या शाळेच्या कपाटात या कादंबरीचा जुना मराठी अनुवाद होता. शर्मिलाची आई तेव्हा भारतातून परत येत होती. तिच्याबरोबर त्यांनी तो पाठवला, आणि जाताजाता त्याच पुडक्यात लोणच्याची बरणी गुंडाळली. बरणीला पाझर फुटला. सुरुवातीची पानं तेलानं एकमेकांना चिकटली, पण पुढचं पुस्तक ठणठणीत होतं.

चार दिवसांत मी ते संपवलं. काय गोष्ट होती! एका गिरणीवाल्याची बायको घर सोडून जाते. वर्षभर वणवण करून एका बर्फाच्या संध्याकाळी आपल्याच घराच्या दारात येऊन उभी राहते. आत दिवा दिसतो. ती दार वाजवते. सासू दार उघडते आणि म्हणते, "किती उशीर केलास गं! हातपाय धू. पानं मांडलीत." बस, इथं कादंबरी संपते.

मी ढसाढसा रडले आणि लगेच लिहायला बसले. एकाही टीकाकाराचं नाव घेतलं नाही. त्या सासूनं एकही प्रश्न का विचारला नाही, यावर बारा पानं, सगळी माझ्या मताची. शर्मिलानं टाइप करून दिली. तिनं पुस्तक वाचलं असतं, तर घोळ तिथंच कळला असता.

*

निबंध देऊन झाल्यावर दोन दिवसांनी वर्गात त्याच कादंबरीची चर्चा होती. डॉरथी म्हणाल्या, त्या शेवटानं मला झोप लागली नाही. ती बाई दारापर्यंत येते, हात उचलते, पण दार वाजवत नाही. सकाळी बर्फात तिचं प्रेत सापडतं.

घरी येऊन मी ती चिकटलेली पानं वाफेवर धरून सोडवली. अनुवादकाची प्रस्तावना निघाली. चार पानं आभार, आणि शेवटी एक ओळ: 'आपल्या वाचकांच्या भावना लक्षात घेऊन शेवटात किंचित बदल केला आहे.'

किंचित! मेलेली बाई जेवायला बसवली होती त्या भल्या माणसानं.

*

दुसऱ्या दिवशी मी मराठी पुस्तक घेऊन सरांच्या ऑफिसात गेले आणि सगळं सांगून टाकलं. लोणच्यासकट. निबंध समोरच टेबलावर पडलेला होता. ॲडमिशन गेली, हे मी मनाशी कबूल करूनच आले होते.

सरांनी युनिव्हर्सिटीचं कोर्सचं पुस्तक काढलं, आमच्या वर्गाचं नाव शोधलं आणि त्यावर बोट ठेवलं. "अनुवादित युरोपियन साहित्य," त्यांनी वाचलं. "कुठल्या भाषेत अनुवादित, ते इथं कुणी लिहिलेलं नाही." आणि माझ्यादेखत त्यांनी निबंधावर 'बी प्लस' घातलं.

पाच वर्षांचा दगड छातीवरून उतरला होता. मी फक्त उभी राहिले, आणि सवयीप्रमाणे तेही उभे राहिले.

मग त्यांनी शेवटचं पान वाचून दाखवायला सांगितलं. आधी मराठीत, मग इंग्रजीत सांगून. मी वाचलं. दार कोण उघडतं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सासू. म्हणजे घरातली आई, ते म्हणाले, आणि ती काय म्हणते, ते पुन्हा एकदा सांगा. मी पुन्हा सांगितलं. किती उशीर केलास, हातपाय धू, पानं मांडलीत.

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. एप्रिल उजाडला तरी बाहेर बर्फ होतंच.

"तीस वर्षं दर एप्रिलमध्ये मी या बाईला दाराबाहेर मारत आलोय," ते म्हणाले. "पानात काय होतं?"

पुस्तकात ते दिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "वरणभात. वर तूप."

त्यांनी कपाटातून आपली हंगेरियन प्रत काढली, शेवटचं पान उघडलं, आणि मला एकेक अक्षर विचारत शेवटच्या ओळीखाली 'वरणभात, वर तूप' लिहून घेतलं.