फोटोच्या मागची ओळ

शरद गेल्याचा फोन आला तो रविवार होता. सकाळी दहाला तो येईल म्हणून मी खुर्चीवरची वर्तमानपत्रे उचलून ठेवली होती...

शाळेपासूनचा माझा मित्र. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्याने एकच ध्यास घेतला, गणपत मिस्त्री. स्वातंत्र्याआधी पुण्याजवळच्या माळावर मोटारींची शर्यत झाली होती. ती कोणी जिंकली, याचे उत्तर आमच्या भिंतीवरच टांगलेले होते. एका जुन्या फोटोत गाडी, चषक आणि गॉगल-टोपीआड चेहरा झाकलेला चालक. 'आमचे बाबा,' असे आम्ही आल्यागेल्याला सांगत आलो. शरदच्या मते तो बाबांचा मेकॅनिक गणपत होता.

सायबर कॅफेत ई-मेल शिकून तो परदेशी मोटार क्लबांना पत्रे लिहायचा. मांजरी गावी जाऊन त्याने गणपतची म्हातारी लेक शोधून काढली. ती म्हणाली, "शर्यत माज्या बापानंच जिकली हाय. पर तुमाला कागद लागतो न्हवं?"

कागद माझ्याकडे होता. पूर्वी एकदा काच बदलताना फोटोमागची बाबांच्या अक्षरातली ओळ मी वाचली होती : 'गाडी माझी. चालवली गणपतने.' बाबांनी खरे लिहून ठेवले होते. खोटे आम्ही बोलत होतो.

"अरे, एकदा फ्रेम उघडू या का?" शरदने विचारले.

"मागे काही नाही. मी पाहिलंय."

"मग नसेल. तुझ्यावरही संशय घेतला तर रविवारचा चहा कुठे मिळणार?"

त्याने आपल्या नोंदींच्या वहीत गणपतच्या नावापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले. त्यानंतरही तो दर रविवारी येत राहिला, फोटोसमोरच बसत राहिला. विषय मात्र पुन्हा काढला नाही.

तेराव्यानंतर वहिनींकडून ती वही मागून घेतली, फ्रेम उघडली आणि मांजरीला गेलो. ओळ वाचून दाखवली. म्हातारीने पदराने फोटो पुसला.

"ते भाऊ न्हाई आले?"

मी सांगितले. तिने फोटो मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "त्यास्नी ह्ये ठावं झालं हुतं का?"

"नाही. मीच सांगितलं नाही."

फोटो तिच्याकडेच ठेवून आलो. शर्यत गणपत मिस्त्रीने जिंकली, हे इथेही लिहून ठेवतो.

भिंतीवर आता फिकट चौकोन उरला आहे. रविवारी दहाला वही उघडतो, ते प्रश्नचिन्ह पुसायला खोडरबर घेतो. पण ते शरदच्या हातचे आहे... वही तशीच मिटून समोरच्या खुर्चीवर ठेवतो.