ग्लेनिसचा कान

ग्लेनिस रेबोल्डला गिटार वाजवता येत नाही. गाणं तर मुळीच येत नाही. चर्चमध्ये ती नुसते ओठ हलवते, हे मी शेजारी उभा राहून पाहिलंय. पण इंग्लंडातल्या आमच्या नेदरटन गावात एखादी गोष्ट सुरात आहे की नाही असा वाद निघाला, तर शेवटचा शब्द तिचा.

याचं कारण तिची नोकरी. सतराव्या वर्षी ती ओतकामाच्या कारखान्यात तपासणीला लागली आणि एकतीस वर्षं तिथेच राहिली. काम एकच. समोर आलेल्या लोखंडी भागावर छोटी हातोडी मारायची आणि ऐकायचं. भाग धड असेल तर घंटेसारखा खणखणीत वाजतो, आत तडा असेल तर बद्द आवाज येतो. डोळ्यांना न दिसणारा तडा ती कानाने पकडायची. फोरमन वाद घालायचे, तो भाग करवतीने कापून बघायचे आणि मग मुकाट्याने तिला चहा आणून द्यायचे. मी आयुष्यभर बस चालवली, मला लोखंडातलं काय कळतंय? पण इंजिनाचा आवाज ऐकून तिने मला दोनदा बस डेपोत परत न्यायला लावली होती, आणि दोन्ही वेळा तीच बरोबर निघाली. आपण चुकत नाही याचा तिला थोडा माजही आहे. चौपन्न वर्षांच्या ओळखीवर एवढं मी म्हणू शकतो.

क्लेम हिंगली आमच्याच गावचा, आमच्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याचा 'पिटबँक' हा बँड जगभर फिरला, पण सुरू झाला तो आमच्या कामगार क्लबात. संथ, जड, खालच्या सुरातलं संगीत. बाहेरच्यांना ते उदास वाटायचं. आम्हाला वाटायचं, चला, आपला कारखाना कुणीतरी गिटारवर वाजवला. अशाच एका कार्यक्रमानंतर बावीस वर्षांची ग्लेनिस गर्दीतून वाट काढत स्टेजपाशी गेली. सगळ्या पोरी सही मागत होत्या. ही म्हणाली, "तुझी दुसरी तार उतरलीय." क्लेम हसला, मग त्याने तार तपासली आणि हसायचा थांबला. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक रेकॉर्डची पहिली प्रत टपालाने तिच्याकडे यायची, आत एक चिठ्ठी: ऐकून सांग.

त्या चिठ्ठीतूनच आमचं मंडळ उभं राहिलं. एके काळी आम्ही एकेचाळीस जण होतो, आता चौदा उरलोय. मंडळाचा नियम ठरलेला आहे. नवी रेकॉर्ड सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायची. पहिल्या बाजूपासून शेवटची बाजू संपेपर्यंत कुणी एक अक्षर बोलायचं नाही. मग सगळ्यांनी मिळून एक पत्र लिहायचं, सह्या करायच्या आणि ते त्याच दिवशी टपालात टाकायचं, म्हणजे रात्रभर विचार करून कुणी शहाणपणा घालणार नाही. पत्र लिहिणार ग्लेनिस, कारण बाकी कुणाचं अक्षर लागत नाही.

आता एक गोष्ट सांगतो. ती मला गेल्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारपर्यंत माहीत नव्हती, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तीन वर्षांपूर्वी क्लेमचा शेजारच्या डडली गावात कार्यक्रम झाला होता. संधिवाताने त्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं आखडली होती. सूर निसटत होते, एक गाणं त्याने मधेच सोडलं. आम्ही टाळ्या वाजवल्या, कारण दुसरं काय करणार? ग्लेनिसने वाजवल्या नाहीत. घरी जाऊन तिने कुणालाही न सांगता त्याला पत्र लिहिलं: आता थांब, क्लेम. जे केलंस ते सोन्यासारखं आहे, त्याला डाग लावू नकोस. पत्राचं उत्तर आलं नाही. त्यानंतर क्लेमने कुठेच वाजवलं नाही. तीन वर्षं ती मनात म्हणत राहिली की मी खरं तेच सांगितलं, आणि तीन वर्षं ते तिला पुरेना.

मग गेल्या ऑक्टोबरात रेकॉर्ड आली. फक्त क्लेम, फक्त गिटार. गाणारा नाही, ड्रम नाहीत. एका पाकिटात दोन मोठ्या तबकड्या. चिठ्ठी मात्र नव्हती. ग्लेनिसने पाकीट तीनदा झटकून पाहिलं, असं तिने मला नंतर सांगितलं.

शनिवारी सकाळी नऊला आम्ही डगच्या पबच्या मागच्या खोलीत जमलो. पब उघडायला वेळ होता. डगने वाटाणे आणि बेकन शिजत ठेवलं होतं, त्याचा वास सगळीकडे पसरला होता.

"दोन तबकड्या दिल्यात गड्याने," हॉवर्ड ट्रँटर म्हणाला. "हात सुटलाय वाटतं त्याचा."

हॉवर्ड म्हणजे आमच्यातला सगळ्यात धिप्पाड माणूस. साखळीच्या कारखान्यात होता. फेब्रुवारीत त्याची बायको पेगी गेली, तेव्हापासून तो मंडळात यायचा पण बोलायचा कमी. त्या दिवशी एवढं बोलला म्हणून आम्हाला बरं वाटलं.

"खुर्ची धर आणि तोंड मीट," ग्लेनिस म्हणाली.

डगने तबकडी लावली, सुई टेकवली.

आधी नुसती घरघर. क्लेमची ती जुनी खोड आहे. गिटारचा आवाज वाढवणारा अ‍ॅम्प चालू करून तो दहाएक सेकंद गुणगुणू देतो आणि मगच तारेला हात लावतो. मग पहिला सूर आला. एवढा खोल की टेबलावरचे ग्लास थरथरले. तो सूर संपता संपेना. आणि मग काहीच नाही, लांबच लांब शांतता, इतकी की मला वाटलं सुई उचलली गेली. मग दुसरा सूर. मी या माणसाला पन्नास वर्षं ऐकतोय, पण असं काही मी ऐकलं नव्हतं. प्रत्येक सूर विहिरीच्या तळातून ओढून काढल्यासारखा वर येत होता. ज्याची बोटं गेली असं आम्ही धरून चाललो होतो, त्याने घाई हा प्रकारच आयुष्यातून काढून टाकला होता. माझ्या अंगावर काटा आला तो दुसऱ्या बाजूपर्यंत उतरला नाही. हॉवर्डने तोंडावर रुमाल धरला होता आणि त्याचे खांदे हलत होते. आम्ही सगळ्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

ग्लेनिस मात्र पहिल्या मिनिटातच उठली होती. ती बारच्या मागे गेली आणि बिअर थंड करायच्या यंत्रापाशी मान तिरपी करून उभी राहिली. मला वाटलं, बाई रडतेय आणि आम्हाला दाखवायचं नाहीये. मग ती परत येऊन बसली आणि चारही बाजू संपेपर्यंत मांडीवरच्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

सुई उचलली तेव्हा दहा वाजून गेले होते.  आधी हॉवर्डच बोलला.

"पेगी गेल्यापासून माझे दिवस असेच जातायत," तो म्हणाला. "एक सूर, मग काही नाही. मग पुन्हा एक. त्याला कसं कळलं?"

त्यानंतर सगळ्यांची तोंडं उघडली. म्हातारपणात असं सुचणं म्हणजे देवाची कृपा, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, तरुणपणी क्लेमला जे जमलं नाही ते आता जमलं. मी तर पत्राचा मजकूरच सांगायला लागलो. "लिही ग्लेनिस: एवढं संथ, एवढं खोल आम्ही आजवर कुणाचं ऐकलं नाही." वाक्य मला फार आवडलं होतं. तिने पेन उचललं नाही.

"लिही की गं."

"थांबा जरा," ती म्हणाली. तिने गळ्यात लटकणारा चष्मा डोळ्यांवर चढवला, उठून तबकडीपाशी गेली आणि वाकून मधला कागद वाचला. काळ्या कागदावर करडी बारीक अक्षरं. आमच्यापैकी कुणी ती वाचायच्या भानगडीत पडलं नव्हतं.

"पंचेचाळीस," ती म्हणाली.

"काय पंचेचाळीस?"

"मिनिटाला फेरे. आपण तेहतीसवर वाजवली. चारही बाजू चुकीच्या वेगाने ऐकल्या आपण."

डग पुढे आला. "अगं बाई, मोठी तबकडी तेहतीस, लहान पंचेचाळीस. मी काय आज रेकॉर्ड लावतोय?"

"हल्ली मोठीही पंचेचाळीसवर काढतात. आवाज चांगला येतो म्हणे. पण वेग वाढला की जागा जास्त लागते, म्हणून तर एकाच्या दोन झाल्या. तुझं ते यंत्र ऐक. ऐकतोयस? ती वीज गुणगुणतेय. तुझं यंत्र, माझा फ्रिज, क्लेमचा अ‍ॅम्प, सगळ्या इंग्लंडची वीज एकाच सुरात गुणगुणते. एकतीस वर्षं मी त्या सुरात हातोडी मारलीय. रेकॉर्डमधला अ‍ॅम्प त्याच्या बराच खाली होता, म्हणजे तबकडी हळू फिरत होती."

 बाहेरच्या कुठल्याही गावात हे पहिल्या सुरालाच लक्षात आलं असतं. पण आम्ही पन्नास वर्षं संथ आणि जड यालाच चांगलं म्हणत आलेली माणसं. जितकं खाली तितकं आम्हाला थोर.

"म्हणजे मी रडलो ते कशाला?" हॉवर्डने विचारलं. चिडून नाही, खरंच विचारलं.

ग्लेनिस त्याच्या शेजारी बसली. "सूर त्याचेच होते, हॉवर्ड. तुला जे ऐकू आलं ते खोटं नव्हतं."

"आणि तू तासभर गप्प कशी बसलीस?"

"नियम आहे ना," ती म्हणाली, आणि लगेच मान हलवली. "नाही. नियम नाही. मला भीती वाटली." मग तिने त्या पत्राचं सांगितलं, जसं मी तुम्हाला सांगितलं तसं, एकेक शब्द. "असं संथ तर दोन बोटांनीही वाजवता येतं. हे असंच राहिलं असतं तर मी तेव्हा बरोबर होते की चूक, ते कधी कळलंच नसतं. आता बरोबर वेगाने लावली की कळेल."

"मग लावायची का?" डगने विचारलं.

"लाव."

डगने पहिली तबकडी पुन्हा ठेवली आणि वेगाचं बटण दाबलं. घरघर सुरू झाली आणि या वेळी ती यंत्राच्या घरघरीत अशी मिसळली की दोन्ही वेगळ्या सांगता येईनात. आणि मग क्लेम आला.

ते जड नव्हतंच. ते नाचरं होतं. बहात्तर पार केलेला माणूस जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरावा तसे सूर येत होते. लांबच लांब वाटलेल्या शांतता आता डोळ्याचं पातं लवावं एवढ्या उरल्या होत्या, आणि त्या कुठे होत्या ते आता कळलं. जिथे पूर्वी ती दोन बोटं पडायची, बरोबर तिथे. तिथे आता काही नव्हतं. त्याने ती जागा झाकली नव्हती. उरलेल्या बोटांनी ती ओलांडून जायला तो शिकला होता, आणि त्या ओलांडण्यातच एक लय होती जी पाच बोटांच्या माणसाला सुचलीच नसती. तीन वर्षं तो घरात बसून पहिल्यापासून गिटार शिकला होता. मी खुर्चीची कड घट्ट धरून बसलो होतो. हॉवर्डचा रुमाल मांडीवर पडला होता आणि त्याचा पाय हलत होता. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच.

ग्लेनिस डोळे मिटून ऐकत होती. कुठे तडा आहे का ते ती शोधत होती, मला तिचा तो चेहरा माहीत आहे. शेवटचा सूर विरल्यावर तिने डोळे उघडले आणि गाल पुसले नाहीत. आमच्यापैकी कुणी तिला असं पाहिलं नव्हतं.

"धड आहे," ती म्हणाली. "सगळं धड आहे."

"आणि त्याने तुझं ऐकलं असतं तर?" हॉवर्ड म्हणाला.

 तिने कागद पुढे ओढला. शनिवारी टपाल बाराला उचलतात, म्हणून आम्ही पत्र भराभर सांगितलं. चुकीच्या वेगाचं लिहायचं की नाही यावर थोडी हुज्जत झाली. लिहायचंच, असं हॉवर्डने ठणकावलं. माझं लाडकं वाक्य अर्थातच गेलं. चौदा सह्या झाल्या, शेवटची ग्लेनिसची. तिच्या खाली तिने आम्हाला न विचारता आणखी लिहिलं, आणि मी खांद्यावरून वाचलं: 'तीन वर्षांपूर्वी मी तुला थांब म्हणाले. मी चुकले. पुढची रेकॉर्ड कधी?'

हॉवर्डनेही वाकून वाचलं. "'चुकले' जरा ठळक काढ," तो म्हणाला. "तुझ्या हातून तो शब्द पहिल्यांदाच उतरलाय."

 ग्लेनिसने पेन पुन्हा टेकवलं आणि तो शब्द सावकाश, दाबून गिरवला.