लँड क्रूझरला चार अर्थिंग

मी खोटं फार बोलत नाही. एकच बोललो, पण ते अकरा वर्षं पुरलं.

दोहाला आलो त्या पहिल्याच आठवड्यात फजलभाईंनी विचारलं, "गावाला काय करायचास?" फजलभाई म्हणजे आमच्या गॅरेजचं काउंटर सांभाळणारे, रायगडातल्या म्हसळ्याचे. आठवडाभर हिंदीत हातवारे करून जीभ अवघडली होती. इंडस्ट्रियल एरियात मराठी बोलणारा माणूस भेटला म्हटल्यावर छाती अशी फुगली की बोलून गेलो, "बोर्डात वायरमन होतो."

आता वीज बोर्डाचं काम मी करत होतो यात वादच नाही. पण झिरो वायरमन म्हणून. शहरातल्या लोकांना हे पद माहीत नसतं, म्हणून सांगतो. खेड्यात बोर्डाचा एक खरा वायरमन असतो. त्याला पगार, रजा, पेन्शन, सगळं. आणि त्याच्या मागं पक्कड घेऊन एक जण हिंडतो. त्याला पगार नाही, ओळखपत्र नाही, हजेरीबुकात नाव नाही. तो झिरो. आटपाडीकडच्या आमच्या गावात नाना खरे आणि मी झिरो, नऊ वर्षं. माझ्या लग्नात मामानं "पोरगा बोर्डात आहे" एवढंच सांगून विषय उरकला होता. बबीताला खरं कळलं ते लग्नानंतरच्या पहिल्या एक तारखेला. ती अजून ऐकवते.

फजलभाईंना मात्र कळलं नव्हतं. आणि मीही कशाला सांगतोय! बोर्डाचा माणूस म्हणून गॅरेजमध्ये मान होता. कुणाचा पंखा बंद पडला तरी "धनाजीला बोलवा" म्हणायचे. अकरा वर्षांत बोलता बोलता मी स्वतःला प्रमोशनही दिलं होतं.

माझं काम बॅटरीच्या पिकअपवर. कुणाची गाडी बंद पडली की जायचं आणि जागेवर बॅटरी बदलायची. द पर्लसारख्या श्रीमंत वस्तीतली तळघरातली पार्किंग निघाली तर नशीब, नाहीतर उघड्या रस्त्यावर, डोक्यावर ऊन. वय शेहेचाळीस. यंदा जूनमध्ये दोनदा चक्कर येऊन खाली बसलो. दुसऱ्या वेळी तर गिऱ्हाइकानंच मला त्याच्या गाडीच्या सावलीला बसवलं, पाणी पाजलं आणि स्वतःची बॅटरी स्वतः बदलली. वर मला "शुक्रन" म्हणाला. एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती. डॉक्टर म्हणाला, उन्हातलं काम सोडा, पुढच्या वेळी उठाल याची खात्री नाही.

तेवढ्यात आमचा साउंड फिटर दुसऱ्या कंपनीत गेला. साउंडचं काम म्हणजे काचेच्या दारामागची एसीची खोली. फजलभाई थेट मुदीरकडे, म्हणजे मॅनेजरकडे गेले आणि म्हणाले, "बाहेरचा माणूस कशाला? आपला धनाजी बोर्डाचा वायरमन आहे. मी सांगतो ना." मुदीरनं अट घातली. एक गाडी, तीन दिवस. जमलं तर खोली माझी. नाही जमलं तर परत पिकअप, आणि पिकअप झेपत नसेल तर घरचं तिकीट.

गाडी होती एका कतरी पोराची पांढरी लँड क्रूझर. त्याला तीन अँप्लिफायर बसवायचे होते. एक पुढच्या स्पीकरला, एक मागच्यांना आणि एक सीटमागच्या त्या हंड्याएवढ्या वूफरला. शिवाय एक कपॅसिटर. कपॅसिटर म्हणजे लग्नघरात भरून ठेवलेली जादा घागर. वूफरचा मोठा ठोका पडला की एकदम करंट लागतो, तो बॅटरीपर्यंत न धावता घागरीतून मिळतो. एवढं मला ठाऊक होतं. आणि एवढंच ठाऊक होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

पॉझिटिव्हच्या वायरी नीट ओढल्या. मग आलं अर्थिंग, आणि माझ्यातला बोर्ड जागा झाला. नानांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, की ट्रान्सफॉर्मरला अर्थिंगचे तीन खड्डे. न्यूट्रलचा वेगळा, बॉडीचा वेगळा, विजेच्या लोळासाठी वेगळा. एकमेकांपासून चांगले लांब. एकात दुसरा मिसळला तर नाना अख्ख्या गावासमोर आई-बाप काढायचे. मग माझ्यासारखा शिस्तीचा माणूस लँड क्रूझरला काय करणार? चार वस्तू, चार अर्थिंग! एकाची वायर डाव्या सीटच्या बोल्टला, दुसऱ्याची उजव्या चाकाच्या वर, तिसऱ्याची मागच्या दाराशी, कपॅसिटरची पार जॅकच्या खोबणीत. मोजून सगळ्यांत लांब लांबची ठिकाणं निवडली. रंगही खरवडला नाही, कारण लोकाची एवढी महागडी गाडी! फजलभाईंना हाताला धरून आणलं आणि एकेक जागा दाखवली. ते म्हणाले, "माशाल्ला, बोर्डाचं काम ते बोर्डाचं काम."

गाडी चालू केली आणि स्पीकरमधून आवाज आला, कुंईंईं. ॲक्सिलरेटर दाबला की आवाज वर चढतो, सोडला की खाली येतो. शेपटीवर पाय पडलेलं कुत्रं डिकीत बसवल्यासारखं.

इथून पुढं दोन दिवस मी जे काही केलं ते एखाद्या हुशार माणसाला लपवावंसं वाटेल. पहिल्यांदा दोष दिला टेपला. टेप बदलला, कुंईं. मग सिग्नलच्या वायरीला. तीही बदलली, कुंईं. मग त्या कतरी पोरालाच सांगितलं, तुझ्या मोबाईलमुळं होतंय. तो बिचारा मोबाईल घेऊन रस्त्यापलीकडं जाऊन उभा राहिला. कुंईं! गावाला उन्हाळ्यात अर्थिंग कमी पडलं की आम्ही खड्ड्यात मीठ आणि पाणी ओतायचो. खरं सांगतो, दुसऱ्या दिवशी दुपारी डब्याबरोबर आलेल्या मिठाच्या पुडीकडं माझी नजर दोनदा गेली.

मुदीर तासातासाला काचेतून डोकावायचा. फजलभाई प्रत्येक वेळी मध्ये पडायचे, "थोडा टाइम दीजिए, बोर्ड का आदमी है." ते असं म्हणाले की मी डिकीत आणखी खोल डोकं घालायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीबाहेर वायर शोधत होतो. मुदीरच्या केबिनचं दार अर्धं उघडं होतं आणि आत फजलभाई उभे होते. मुदीर म्हणत होता, संध्याकाळी गाडी दुसऱ्या गॅरेजला पाठवतो आणि धनाजीचं तिकीट काढतो. फजलभाई म्हणाले, "तिकीट काढायचं तर माझं काढा. मी सांगितलं म्हणून तुम्ही त्याला गाडी दिली. चूक असेल तर माझी."

बावीस वर्षं झाली होती त्या माणसाला या गॅरेजात. आणि मी? मी तसाच मागच्या मागं सटकलो, पार्किंगच्या भिंतीआड गेलो आणि गावाला नानांना फोन लावला. नाना रिटायर होऊन आता शेळ्या सांभाळतात. सगळं सांगितलं. चार अर्थिंग म्हटल्यावर पलीकडून आधी खोकला आला, मग हसू.

"अरे गाढवा, गाडीला जमीन कुठनं आली? ती रबरावर उभी हाय!"

"पण नाना, तुम्हीच शिकवलं..."

"ट्रान्सफॉर्मरचं शिकवलं. गाडीचा पत्रा म्हणजे परतीची तार. माल घेऊन समदी एका वाटेनं घरी आली पायजेत. तू चौघांना चार वाटांनी धाडलंस. कोण वर, कोण खाली, मग भांडणं लागणारच की. तीच भांडणं तुला स्पीकरमधनं ऐकू येत्यात."

"मग करू काय?"

"समद्यांना एका बोल्टाला बांध. वायरी जाड घे, आखूड घे. आणि आधी रंग खरवड लेका, रंगातनं कधी करंट जातो व्हय? नऊ वर्षं तू माझ्यामागं काय गवत उपटत होतास?"

फोन ठेवला. आत गेलो, चारी वायरी सोडल्या. डिकीत अँप्लिफायरच्या जवळच एक जागा बघितली आणि रंग खरवडला, पार चकचकीत पत्रा लागेपर्यंत. एक बोल्ट, त्याला तीन अँप्लिफायर आणि चौथा कपॅसिटर. वायरी हातभरसुद्धा नाहीत. वर गंज लागू नये म्हणून ग्रीस फासलं. फजलभाईंना म्हणालो, "तुम्हीच चालू करा, माझी छाती होत नाही."

त्यांनी किल्ली फिरवली. आवाज नाही. ॲक्सिलरेटर दाबला. आवाज नाही. मग गाणं लावलं आणि वूफरचा ठोका असा पडला की काचेचं दार हाललं. कतरी पोरगा उड्याच मारायला लागला. मुदीरनं आत डोकं घालून सांगितलं, "शाबाश, बोर्डवाला! फजल, इसका फॉर्म भर दो. कल से साउंड में."

जिंकलो होतो. गप्प बसायचं तेवढं बाकी होतं.

फजलभाईंनी खुशीत फॉर्म काढला. नाव लिहिलं, पासपोर्ट नंबर लिहिला. मग पूर्वीच्या अनुभवाचा रकाना आला आणि ते स्वतःच बोलत बोलत लिहायला लागले, "वायरमन, वीज बोर्ड... किती वर्षं टाकू?"

नऊ म्हटलं असतं तर खलास, विषय संपला असता. पण सकाळचं ते अर्धं उघडं दार माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

"फजलभाई, थांबा. मी बोर्डात नव्हतो."

सगळं सांगितलं. झिरो म्हणजे काय तेही सांगितलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "तीन दिवस तुझ्या नावानं मी त्या माणसापुढे बोलतोय, धनाजी! सकाळी माझी नोकरी पुढे केली मी. आणि तू हे आत्ता सांगतोस?"

"चुकलो."

"चुकलो काय! अकरा वर्षं?"

पेन टेबलावर आपटून ते खिडकीकडे वळले. तिकडेच बघत त्यांनी विचारलं, "खांबावर कोण चढायचं?"

"मी."

"पावसात?"

"पावसातच जास्त. फ्यूज पावसातच जातो."

"आणि ते नाना?"

"खाली उभं राहून बॅटरीचा उजेड दाखवायचे."

"तुला काय मिळायचं?"

"ज्याच्या घरी लाइट यायची तो चहा द्यायचा."

फजलभाईंनी पेन उचललं, आधीची ओळ खोडली आणि इंग्रजीत सावकाश काहीतरी लिहिलं. मग मला मराठीत वाचून दाखवलं, "नऊ वर्षं विजेच्या खांबांवर चढून दुरुस्ती केली. नेमणूक नव्हती. हे तरी खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मग कर सही. आणि याच्यापुढे माझ्याशी खोटं बोललास तर मीच तुला पिकअपवर बसवीन."

मी वाकलो. माझ्या त्या नऊ वर्षांचा एक शब्द आजवर कुठल्याही कागदावर नव्हता. अक्षरं दिसेनात. शेहेचाळीस वर्षांचा बाप्या, काउंटरवर उभा राहून रडायला लागलो.

"अरे बाबा, कागद भिजवू नको," फजलभाई म्हणाले, "दुसरा फॉर्म नाहीये."