चार बोटं माया

टेपमावशींच्या गळ्यातली टेप फक्त आंघोळीला उतरते, असं गल्लीत म्हणायचे. तेव्हाही ती डोळ्यांसमोरच टांगलेली असते, असं मावशी म्हणायच्या. तीस वर्षं त्यांनी शाळेचे गणवेश शिवले, वरच्या वस्तीचेही आणि आपल्या खालच्या गल्लीचेही. रंगाच्या कारखान्यामागची ही गल्ली काही कोणी हौसेनं निवडली नव्हती. मावशींच्या समाजाच्या लोकांना दुसरीकडे कोणी खोलीच देत नसे. नळाला सकाळी आधी लालसर पाणी यायचं, मग वासाचं, आणि मुलांची पोटं बारा महिने बिघडलेली.

वाढत्या मुलांच्या कपड्याला मावशी आतून चार बोटं माया सोडत, म्हणजे पोर उंच झालं की शिवण उसवून कपडा वाढवता येतो. वरच्या वस्तीतल्या आया दरवर्षी माया उसवून घ्यायला यायच्या. खालच्या गल्लीतून कोणी येत नसे. बायका घरीच उसवत असतील, अशी मावशींची समजूत. मग एकदा नातीचा, म्हणजे लहान चणीमुळे सगळे जिला टिचभर म्हणत तिचा, फ्रॉक तिसऱ्या वर्षी इस्त्रीला घेतला, तर आतली माया हाताला लागली, कोरी करकरीत. मावशींना स्वतःचाच भयंकर राग आला. इतकी वर्षं कात्री चालवली आणि गल्लीतली पोरं वाढतच नाहीत हे दिसलं नाही.

त्याच आठवड्यात नव्या पाइपलाइनची यादी लागली. गल्लीचं नाव नव्हतं. गल्लीच्या अर्जावर, या लोकांची चण मुळातच लहान, पाण्याचा काही संबंध नाही, असं आरोग्य खात्याच्या साहेबांनी लिहिलं होतं. हा शोध साहेबांना गाडीत बसूनच लागला. गल्लीत उतरायचीही गरज पडली नाही.

मावशी दोन फ्रॉक पिशवीत घालून कार्यालयात जाऊन बसल्या. शिपायानं दोनदा उठवलं. त्या दोनदा पुन्हा बसल्या. शेवटी साहेबांनीच आत बोलावलं.

"कपड्यांवरून काय कळणार, मावशी?"

"एक माझ्या लेकाच्या लेकीचा, एक लेकीच्या लेकीचा. एकाच दिवशी, एकाच मापाचे बेतले होते. जावई शाळेची गाडी चालवतो म्हणून त्यांना वर खोली मिळाली. त्या पोरीची माया दोनदा उसवून संपली. हिची बघा, तशीच आहे. चण लहान म्हणता ना आमची? आजी एकच आहे साहेब, नळ वेगळा."

साहेबांनी दोन्ही शिवणी उलटून पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या.

"बरं. फेरतपासणीचं बघू."

"बघू नका, लिहा. माझ्यासमोर लिहा."

त्यांनी लिहिलं. मावशींनी ते मोठ्यानं वाचायला लावलं. गल्लीच्या अर्जांना पाय फुटतात, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

"फ्रॉक राहू देत इथेच टेबलावर," त्या उठताना म्हणाल्या. "चांगलं पाणी आलं की न्यायला येते. तोवर रोज येऊन बघून जाईन."

घरी येऊन त्यांनी टिचभरसाठी नवं कापड पसरलं. नात शेजारी येऊन बसली.

"आजी, माया कशाला सोडतेस? कापड वाया जातं. माझी कधी लागतच नाही."

मावशींनी टेप पुन्हा लावली आणि खडूची रेघ आणखी दोन बोटं खाली ओढली.

"लागत कशी नाही," त्या म्हणाल्या, "बघतेच मी."