जंत काही विमानाने येत नाहीत

न्यूझीलंडमध्ये जंत होत नाहीत, असं माझं शास्त्रशुद्ध मत होतं. (शास्त्राचा आधार एवढाच, की इथे कुणाच्या तोंडून मी तो शब्द ऐकला नव्हता.)

त्यामुळे आमची पाच वर्षांची सान्वी बूड खाजवायला लागली आणि जालन्याहून आलेली माझी आई म्हणाली, "संजू, पोरीला जंत झालेत," तेव्हा मी चक्क हसलो.

"आई, हे जालना नाही, न्यूझीलंडमधलं टाकानिनी आहे!"

"असेल. बूड तेच आहे ना?"

आईचा उभा जन्म अंगणवाडीत जंताच्या गोळ्या वाटण्यात गेला. मी सॉफ्टवेअरवाला. साहजिकच मी तिचं ऐकलं नाही. दोन दिवसांनी भल्या सकाळी तिने टॉर्च लावून मला पुरावाच दाखवला. पांढरा, दोऱ्यासारखा, वळवळणारा!

मी हादरलो, आणि हादरलेला माणूस करतो तेच केलं. दुसऱ्यावर ढकललं.

"तू हाताने भरवतेस ना तिला, त्यानेच झालं! तूच आणलेस तिकडून!"

अश्विनीने, म्हणजे माझ्या बायकोने, मला कोपराने ढोसलं. आई पंधरा दिवसांनी परत जाणार होती. नातीला स्वतःच्या हाताने वरणभाताचे घास भरवायचे, एवढ्यासाठीच तर ती इतक्या लांब आली होती.

"जंत काही विमानाने येत नाहीत रे," आई म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली.

मग मी सफाईला लागलो. चादरी धुतल्या, जँडल्स, म्हणजे इथल्या सपाता, ब्लीचमध्ये बुडवल्या, टेडी उकळला! आईला रबरी हातमोजे दिले. तिने निमूटपणे ते घातले आणि घास केला. सान्वीने तोंड वाकडं केलं.

"आजी, इट टेस्ट्स लाइक बलून!"

आई चमच्यावर आली, तर सान्वी जेवेचना. आईचा चेहरा बघवत नव्हता. (मला फार वाईट वाटत होतं, पण मी बरोबर असल्यामुळे नाइलाज होता.)

ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून औषधाला आपल्या लोकांनी गजबजलेलं जवळचं पापाटोएटोए सोडून आम्ही सगळे पार हिल्सबरोच्या फार्मसीत गेलो. आत शिरतो तर समोर आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी, हातात जंताच्याच गोळ्यांची डबी! आम्ही दोघं हवामानावर बराच वेळ बोललो.

काउंटरवरची बाई मात्र बिनधास्त होती. "अहो, हीप्स ऑफ फॅमिलीज, ढिगाने येतात! इथल्या शाळांमध्ये नेहमीचंच आहे. लाजेपायी कुणी बोलत नाही, म्हणून तर पसरतं. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घ्या. आणि हो, अंडी नखांखाली राहतात. तुमच्यात नखं कोण खातं?"

आईने दोन्ही हात पुढे केले. नखं मुळापासून कापलेली, अंगणवाडीत असायची तश्शी.

सान्वीने माझ्याकडे बोट दाखवलं. "डॅड! हीप्स!"

मी तोंडातून अंगठा काढला.

गाडीत मी म्हणालो, "आई, चुकलो गं. तुझ्यावर नको तो आळ घेतला."

"गोळी घे आधी," ती म्हणाली. पण हसली.

सान्वी आता पुन्हा आजीच्या हातचे घास मिटक्या मारत खाते. माझ्या दहाही बोटांना आई रोज कारल्याचा रस चोपडते, त्यामुळे घरात चमच्याने वरणभात खाणारा सध्या मी एकटाच आहे!